नांगराची जाहिरात आणि शंवाकि

मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी सांगली, नांद्रे, भिलवडी ही स्थानके मागे टाकून ज्या स्थानकावर येते, त्याचे नाव एके काळी कुंडल रोड असे होते. आज त्या फलकावर किर्लोस्करवाडी हे नाव आहे. रेल्वेच्या स्थानकाला कारखानदाराचे नाव लागावे, याहून मोठी जाहिरात कोणती? परंतु ही जाहिरात पैसे मोजून मिळालेली नाही. ती कशी मिळाली, हे समजून घ्यावयाचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांबरोबरच त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच मराठी वाचकांचे शंवाकि, यांचे चरित्र पाहावे लागते. लक्ष्मणरावांनी यंत्रे घडविली. त्या यंत्रांमागील नाव घडविण्याचे काम मुख्यत्वेकरून शंकररावांचे.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरास झाला. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता आणि पंडित श्री. दा. सातवळेकर यांच्यासारख्या चित्रकाराच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. योगायोग असा, की लक्ष्मणरावही तरुणपणी चित्रकार होण्यासाठीच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळावे लागले. काकांच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याने उचलला आणि तो अखेर कारखान्याच्याच कामी आला.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेव्हा तो सगळा निवडुंगाने भरलेला माळ होता. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावलेल्या लक्ष्मणरावांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही जमीन आणि कर्ज दिले. भांडवल व जागा मिळाली, कारागीरही मिळाले. पण गिऱ्हाईक कोठे होते? लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले काही नांगर खपावयास बेळगावात सुमारे दोन वर्षे लागली होती. येथे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याची रेघ मुकी होते. वस्तू चांगली असणे आणि ती चांगली आहे असे लोकांना वाटणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर कापण्यास खर्च येतो.

हे अंतर कापण्याची जबाबदारी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शंकररावांवर आली. त्या काळी देशी वृत्तपत्रांतील जाहिराती म्हणजे बव्हंशी औषधे, केशतेले आणि सर्व रोगांवर एकच उतारा सांगणारी पत्रके. जाहिरात म्हणजे थाप, अशी सुशिक्षितांची धारणा झाली होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. स्वदेशीच्या चळवळीने देशी मालाला सहानुभूती मिळवून दिली होती खरी; परंतु बैलजोडी व हंगाम पणाला लावणारा शेतकरी सहानुभूतीपोटी नांगर घेत नाही. तो शेजाऱ्याच्या शेतातील तास पाहून घेतो. शंकररावांनी हे ओळखले. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक यांची माहिती चित्रांसह व साध्या भाषेत लोकांपुढे ठेवावयाची, हा त्यांचा मार्ग. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माहिती देणारी विधायक जाहिरात आणि नुसता मारा करणारी झुंजार जाहिरात असा भेद केला आहे. तो भेद कुंडलच्या माळावर त्याच सुमारास कोणी ग्रंथ न उघडता आचरणात आणीत होते.

१९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याच्या मालाची आणि तेथील घडामोडींची वार्ता गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना पोहोचविणे, एवढाच तिचा मूळ हेतू. पण नांगराविषयी दरमहा नवे असे किती सांगणार? शंकररावांनी उद्योगधंदे, आरोग्य, स्वावलंबन, कथा, विनोद, व्यंगचित्रे यांना जागा दिली. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने गाजलेली व्यंगचित्रे त्यांची स्वतःचीच. हळूहळू वाचक खबरीसाठी नव्हे, तर मजकुरासाठी अंकाची वाट पाहू लागला. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली.

या नामांतरात जाहिरातशास्त्राचा एक मोठा धडा आहे. ज्या घराने जन्मात नांगर विकत घेतला नसता, त्या घरातील शिक्षक, कारकून, गृहिणी यांच्या तोंडी कारखानदाराचे आडनाव रोजच्या वापरातील शब्द म्हणून बसले, आणि त्या शब्दाला सुधारणा, विज्ञाननिष्ठा व टापटीप यांचा वास लागला. पुढे पंप आले, तेलावर चालणारी इंजिने आली; त्यांना हा विश्वास आयताच मिळाला. याच पुणे-मिरज मार्गावर कऱ्हाडजवळ ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तयार होई. त्याचेही नाव घरोघर झाले, पण ते कंदिलाबरोबर राहिले आणि कंदिलाबरोबर मावळले. किर्लोस्कर हे नाव वस्तूपासून सुटे झाले होते, म्हणून टिकले. त्या नावाची किंमत किती, याची कल्पना २०२१ मध्ये समूहातील कंपन्यांत वारशावर हक्क कोणाचा यावरून जो जाहीर वाद झाला, त्यावरून यावी.

मात्र शंकररावांचे मोठेपण केवळ चतुर विक्रेत्याचे असते, तर त्यांच्यावर दोन ओळी पुरल्या असत्या. विक्रेता गिऱ्हाइकाला दुखवीत नाही, यांनी दुखविले. अंधश्रद्धा, अस्पृश्यता, बुवाबाजी, बायकांवरील बंधने यांवर त्यांच्या मासिकांनी कोरडे ओढले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध छापले, त्यांतील गाईविषयीच्या विचारांनी तर भाविकांत खळबळ उडाली. नांगर घेणारा शेतकरी आणि अंक घेणारा वर्गणीदार हे बहुधा श्रद्धाळूच होते, हे लक्षात घेतले म्हणजे यातील धोका कळतो. वाडीतही अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तेथे राखणीचे काम सोपविले जाई. म्हणजे छापील प्रतिमेला जमिनीवरचा आधार होता. हा आधार नसता तर त्याच मजकुराला ढोंग म्हणावे लागले असते.

तरीही एक उणीव नोंदविलीच पाहिजे. समाजाच्या प्रत्येक रूढीस प्रश्न विचारणारे मासिक मालकाचे नाव धारण करीत असेल, तर त्याच मालकाच्या कारखान्यातील मजुरीचा दर रास्त आहे काय, हा प्रश्न त्याने तितक्याच मोकळेपणी विचारावा, अशी अपेक्षा करता येत नाही. तो दोष शंकररावांच्या स्वभावाचा नव्हे, रचनेचा आहे. आणि नावलौकिकाची मर्यादाही याच वाडीने पाहिली. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अठ्ठावीस वर्षे मासिकांनी मध्यमवर्गीय घरांत जे नाव उजळले होते, ते आसपासच्या खेड्यांतील संतप्त जमावाला केवळ एका जातीचे नाव वाटले. छापील शब्द वाचणाऱ्यापर्यंतच पोहोचतो, आणि त्या काळी बहुसंख्य खेडूत निरक्षर होते.

कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. त्यांचे चरित्र शंकररावांनीच ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने लिहिले. ‘व्यापाराचे व्याकरण’ या पुस्तकात त्यांनी धंद्यातील अनुभव मांडले. मासिके कालांतराने पुण्याहून निघू लागली आणि त्यांची सूत्रे पुढील पिढीकडे गेली. शंकररावांनी आत्मचरित्राला नाव दिले ते ‘शंवाकीय’, म्हणजे नावाच्या आद्याक्षरांवरून बेतलेले. हजारो नांगरांवर आणि पंपांवर ज्या आडनावाचा ठसा होता, त्यातील एकच अक्षर त्यांनी स्वतःसाठी ठेवले. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.