ग्रेस हॉपर

आपल्या पुणे शहरातील पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील कागदांचे रुमाल जपून ठेविलेले आहेत. त्यांतील भाषा मराठीच. तथापि ज्यास मोडी येत नाही त्यास एक ओळही लागत नाही. संगणकांच्या जगातही अशीच अडचण आहे. ती दूर करण्यासाठी झटणाऱ्या एका विदुषीचे हे चरित्र आहे.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. गजर कसा होतो हे पाहण्यासाठी वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी घरातील सात घड्याळे खोलून टाकिली. मातेने शिक्षा न करता एक घड्याळ त्यांस खुशाल खोलू दिले. व्हासार महाविद्यालयात गणित शिकवीत असता १९३४ साली त्यांस येल विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली. महायुद्धात आरमारात जाण्यास त्यांचे वजन कमी भरले. परंतु खास सवलत मिळवून १९४३ साली त्या दाखल झाल्याच. पुढील वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्ड येथील मार्क वन या यंत्रावर झाली.

त्या काळी प्रत्येक यंत्राच्या आज्ञा निराळ्या असत. यंत्र बदलले की जुन्यासाठी लिहिलेले सारे काम वाया जाई. मनुष्याने आपल्या भाषेजवळच्या शब्दांत लिहावे आणि त्याच्या आज्ञा यंत्रानेच तयार कराव्यात, असे हॉपरबाईंच्या मनात आले. यंत्र केवळ आकडेमोड करते, अशी इतरांची समजूत होती. तरीही १९५२ साली त्यांनी आपला पहिला कंपायलर सिद्ध केला. त्यांच्या कार्याच्या पायावर पुढे कोबोल ही भाषा उभी राहिली, आणि डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्राम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला.

तथापि एक मर्यादा राहिलीच. मूळ लेखन सर्वत्र नेता येते. कंपायलरने तयार केलेल्या आज्ञा मात्र नाही. आजही विंडोजसाठी तयार केलेला प्रोग्राम, प्रोसेसर तोच असूनही, लिनक्सवर आपण होऊन चालत नाही. कारण फाइलची मांडणी व ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागण्याची रीत निराळी असते. भाषा एक, लिपी दुसरी, असाच हा प्रकार होय. म्हणून मूळ लेखन जपून ठेवावे लागते. इसवी सन २००० जवळ आले तेव्हा वर्षाचे दोनच अंक लिहिलेले जुने कोबोल प्रोग्राम दुरुस्त करण्याचे काम अनेक भारतीय तरुणांनी केले. ज्यांचे मूळ लेखन हरवले होते, त्यांची मोठीच पंचाईत झाली.

हॉपरबाई १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या व १ जानेवारी १९९२ रोजी निवर्तल्या. त्यांच्या कचेरीत उलट्या दिशेने फिरणारे एक घड्याळ असे. तेही वेळ अचूकच दाखवी. केवळ पूर्वापार चालत आले म्हणून एखादी रीत योग्य ठरत नाही, हा धडा विद्यार्थ्यांनी त्या घड्याळापासून घ्यावा.