सिलोनचे प्रेषित संत जोसेफ वाझ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराच्या वेदीकडे व घंटेकडे पाहून मन कृतज्ञतेनें भरून येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु मंदिर, घंटा व धर्मगुरु यांपैकीं कांहींच जवळ नसतां ख्रिस्ती माणसानें कसें जगावें, हाही प्रश्न अशा वेळीं मनास विचारणें हितकारक होय. त्याचें उत्तर ज्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें, अशा एका गोमंतकीय पुण्यपुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें आजोळीं झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे राहणारे. आईचें नांव मारिया द मिरांदा. सहा भावंडांत त्यांचा क्रम तिसरा. पोर्तुगीज व लॅटिन भाषा आणि पुढें गोवा शहरांत धर्मशास्त्र शिकून १६७६ सालीं त्यांनीं याजकदीक्षा घेतली. दुसऱ्याच वर्षीं, ५ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं लेखी वचनानें स्वतःस पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केलें. दास म्हणविणें सोपें, दासाप्रमाणें जगणें कठीण. त्यांचें पुढील सर्व आयुष्य म्हणजे या एका शब्दाची कसोटीच होती.

त्या काळीं सिलोनांतील, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतील, कॅथलिकांवर मोठें संकट आलें होतें. १६५८ सालीं जाफना डचांच्या हातीं पडलें आणि तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. प्रॉटेस्टंट डचांनीं आपल्या मुलखांत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली, आणि हजारों श्रद्धावंत मेंढपाळावांचून राहिले. त्यांची दैना ऐकून फादर वाझ यांना तेथें जाण्याची तळमळ लागली. परंतु वरिष्ठांनीं त्यांना १६८१ सालीं कानडा प्रांतीं पाठविलें. तेथें पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील धर्मगुरु व रोमहून नेमलेले बिशप यांच्यांत अधिकाराचा वाद माजला होता. फादर वाझ यांनीं शांतपणें तो वाद सौम्य करण्याची खटपट केली, व गांवोगांव फिरून लोकांची सेवा केली. इच्छिलेलें काम मिळालें नाहीं म्हणून हातीं आलेलें काम त्यांनीं हलकें मानलें नाहीं.

गोव्यास परतल्यावर १६८५ सालीं ते जुन्या गोव्यांतील एतद्देशीय याजकांच्या ओरेटरी संघांत सामील झाले. त्या काळीं युरोपीय संघांचीं द्वारें येथील याजकांना बहुधा बंदच असत. १६८६ सालीं ते योहान नांवाच्या विश्वासू सेवकासह निघाले, आणि पुढील वर्षीं भिकाऱ्याच्या वेषांत जाफन्यास पोहोंचले. पोहोंचतांच अतिसारानें ते अंथरुणास खिळले, आणि परक्यांनीं दिलेल्या पेजेवर त्यांचे प्राण वांचले, असें चरित्रकार सांगतात. बरें वाटल्यावर गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भीक मागूं लागले. जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, हें त्यांना पाहावयाचें होतें. आणि ती ओळख त्यांना भेटली! सुमारें तीस वर्षें धर्मगुरूचें दर्शन नसतांही कित्येक घरांत आईबापांनीं मुलांना प्रार्थना शिकवून श्रद्धा जिवंत राखली होती. अशा घरांतून रात्रीच्या काळोखांत पुन्हां पवित्र मिस्सा होऊं लागली.

डचांचा छळ वाढल्यावर फादर वाझ किनारा सोडून बौद्ध राजाच्या कँडी राज्याकडे वळले. १६९२ सालीं तेथें पोहोंचतांच पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. कैदेंत त्यांनीं कुरकुर केली नाहीं. सिंहली भाषा शिकून घेतली. पुढें मोठा दुष्काळ पडला असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस आला, अशी परंपरा आहे. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याची मर्जी बसून त्यांना मोकळेपणानें फिरण्याची परवानगी मिळाली.

१६९७ सालीं कँडींत देवीची साथ उसळली. भयानें आप्तांनींच रोग्यांना टाकून दिलें. तेव्हां फादर वाझ व गोव्याहून आलेले फादर कार्व्हाल्यू यांनीं त्यांच्यासाठीं आसरा उभारला, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अन्न भरविलें आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा, हें त्यांनीं विचारलें नाहीं. ज्या नगरानें त्यांस बंदिवान केलें, त्याच नगराची त्यांनीं अशी शुश्रूषा केली.

पुढें बिशपपदाची गोष्ट निघाली असतां त्यांनीं तें पद नाकारलें. १७०५ सालीं फादर जाकोमे गोन्साल्व्हिस येऊन मिळाल्यानें कार्याला बळकटी आली. अखेर १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें फादर वाझ यांनीं देह ठेवला. गोव्याचें दर्शन त्यांना पुन्हां घडलें नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं त्यांना धन्यवादित, व पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं संत म्हणून घोषित केलें. दोन्ही सोहळे त्यांच्या कर्मभूमींत, कोलंबो येथेंच झाले.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? सर्वांनाच समुद्र ओलांडावयाचा नसतो. परंतु मनाजोगतें काम न मिळाल्यास हातचें काम निष्ठेनें करणें, संकटांतला वेळ फुकट न दवडणें, आणि ज्यानें आपणांस दुखविलें त्याच्या आजारांत त्याच्या उशाशीं बसणें, हें आपल्या घरींही साधण्याजोगें आहे. जाफन्याच्या त्या आईबापांनाही आपण विसरूं नये. संत त्यांच्या दारीं आले तेव्हां विझवात झालेला दिवा त्यांना आढळला नाहीं. तो त्या साध्या माणसांनीं तेवत ठेविला होता. आपलें मंदिर जुनें होईल, नवें बांधलें जाईल. परंतु सायंकाळीं घरांत जपमाळेची प्रार्थना थांबली, तर कोणत्याही ज्युबिलीनें ती उणीव भरून निघणार नाहीं.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या घरांतील हा दिवा अखंड तेवत ठेवो, हीच आमची प्रार्थना.