प्रयोग फसला, तरीही टिश्यू कल्चरचा जनक ठरला!

केळीची नवी बाग लावायची म्हटलं की आज जळगावचा शेतकरी टिश्यू कल्चरची रोपं शोधतो. पण ज्या माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, त्याचा स्वतःचा प्रयोग मात्र फसला होता. त्याचं नाव गॉटलिब हॅबरलांट.

जन्म १८५४ चा, आजच्या हंगेरीतला. वडील शेतीशास्त्राचे प्राध्यापक. युरोपात सोयाबीन रुजवायला धडपडणारा माणूस. गॉटलिब वनस्पतिशास्त्राकडे वळला, ऑस्ट्रियात ग्राझला आणि पुढे बर्लिनला प्राध्यापक झाला.

त्याचं म्हणणं साधं होतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत अख्खं झाड घडवायची ताकद असते. मग एकच पेशी वेगळी काढून जगवली तर?

त्याने पानांतल्या पेशी सुट्या केल्या, क्षार आणि साखरेच्या पाण्यात ठेवल्या. पेशी काही आठवडे जगल्या, फुगून मोठ्याही झाल्या. पण एकीच्या दोन काही झाल्या नाहीत.

कारण काय? पेशी निवडल्या त्या पूर्ण वाढ झालेल्या. आणि पेशींना वाढीचा हुकूम देणारी संप्रेरकं तेव्हा कुणाला माहीतच नव्हती.

दुसऱ्या कुणी हे अपयश झाकून ठेवलं असतं. हॅबरलांटने १९०२ मध्ये ते छापलं. वर पुढच्यांसाठी वाटही दाखवली: बीज तयार होताना गर्भाभोवती जो रस असतो, तो वापरून बघा.

आणि झालंही तसंच. १९४१ मध्ये धोतऱ्याचे कोवळे गर्भ वाढवायला शास्त्रज्ञांनी नारळाचं पाणी वापरलं. नारळाचं पाणी म्हणजे तसाच गर्भपोषक रस! १९५८ मध्ये तेच पाणी वापरून गाजराच्या पेशींपासून रोपं उभी राहिली. १९६५ मध्ये तर तंबाखूच्या एकट्या पेशीपासून पूर्ण झाड तयार झालं.

पण हे बघायला हॅबरलांट नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये, महायुद्ध संपायच्या काही महिने आधी, बर्लिनमध्ये तो गेला.

पुढे १९८५ मध्ये युरोपातल्या थंड जंगलांचा राजा असलेल्या स्प्रूसचेही कोवळ्या बियांतून असे गर्भ तयार झाले. स्प्रूसला दरवर्षी भरपूर बी धरत नाही, म्हणून तिथे याचं मोल मोठं.

केळी असो की स्प्रूस, दोन्हीच्या मुळाशी एक फसलेला प्रयोग आहे, आणि तो प्रामाणिकपणे जगासमोर मांडणारा एक माणूस.