संत जोसेफ वाझ आणि परक्याची पारख



आपल्या कुळगांवांत दरवर्षीं नवीं बिऱ्हाडें येतात आणि अनोळखी माणसेंही आपल्या दारीं येतात. कोणी संकट सांगून साहाय्य मागतो, कोणी धर्मसंस्थेच्या नांवें वर्गणी मागतो, कोणी आपणांस दृष्टान्त झाल्याचें सांगतो. सर्वांवर विश्वास ठेवणें हा भोळेपणा होय, आणि सर्वांस परत लावणें हा प्रीतीचा भंग होय. या दोहोंमधील वाट ज्यांच्या चरित्रांत दिसते, अशा एका संताचें या ज्युबिलीच्या प्रसंगीं स्मरण करणें उचित आहे.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म गोमंतकांत बाणावली येथें २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १६८१ सालीं गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनीं त्यांस कानडा प्रांतांत पाठविलें. तेथें मोठी दुफळी माजली होती. रोमनें नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो आपला अधिकार सांगत, आणि पोर्तुगीज पादरुआदोचा पक्ष तो नाकारीत असे. वाझ हे त्याच पक्षाचे पाठविलेले. बिशपांचें म्हणणें खोटें ठरविणें त्यांस सोयीचें होतें. परंतु ऐकीव गोष्टींवर त्यांनीं निर्णय केला नाहीं. ते मंगळूर येथें बिशपांस समक्ष भेटले, नेमणुकीचें पत्र त्यांनीं स्वतः पाहिलें आणि त्यांचा अधिकार मान्य केला. मग रोमहून नवी आज्ञा येईपर्यंत बिशपांच्याच संमतीनें वाझ यांनीं कारभार पाहावा, असेंही ठरलें.

पुढें सिलोनांतील, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतील, कॅथलिकांस धर्मगुरु उरला नाहीं हें जाणून ते १६८७ सालीं जाफना येथें पोहोंचले. तो मुलूख डच लोकांच्या हातीं होता आणि त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस बंदी केली होती. म्हणून वाझ मजुराच्या वेषांत, जॉन नांवाच्या विश्वासू सोबत्यास घेऊन आले. अनोळखी भिकाऱ्याजवळ आपला धर्म कोण उघड करणार? तो डचांचा हेर निघाला तर घरादारावर संकट यावयाचें. वाझ यांसही कोणावर विसंबावें हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली, आणि दारोदार भिक्षा मागत कोणाच्या मुद्रेवर ओळख उमटते तें ते पाहत राहिले. अशा रीतीनें दोन्ही बाजूंची हळूहळू खात्री पटली आणि सिल्लालै गांवीं त्यांस आश्रय मिळाला.

१६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत गेले. तेथें लानरोल नांवाच्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थानें ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची चहाडी केली. बौद्धधर्मी राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस कैदेंत टाकलें. तथापि देहदंडाची घाई न करितां त्यांच्यावर नजर ठेवविली. कैदी प्रार्थना करितो व सिंहली भाषा शिकतो, यापलीकडे कांहीं आढळलें नाहीं. बंधनें सैल होत गेलीं, आणि अखेर राज्यांत धर्मकार्य करण्याची मोकळीक मिळाली. १६९७ सालीं देवीची सांथ आली, तेव्हां आप्तांनीं टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा याच संशयित परक्यानें केली.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या पावित्र्याविषयींही ख्रिस्तसभेनें घाई केली नाहीं. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें संतपद दिलें.

यावरून आपण काय घ्यावें? भुकेल्यास अन्न देण्यापूर्वीं चौकशीची गरज नाहीं. तें लगेच द्यावें. पैसा अथवा वर्गणी मागणाऱ्याचें पत्र पाहावें, तें ज्यानें दिलें त्याजकडे विचारपूस करावी, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. जो खरा आहे त्याचें थांबण्यानें फारसें बिघडत नाहीं. दृष्टान्ताची गोष्ट धर्मगुरूंच्या कानीं घालावी व फळें दिसेपर्यंत मौन पाळावें. शेजाऱ्याविरुद्ध चहाडी आली तर तिचीही अशीच पारख करावी, कारण चहाडी ऐकणें सोपें आणि तिनें झालेली हानि भरून काढणें कठीण. आणि सत्य आपल्या मताविरुद्ध निघालें, तर मंगळुरास वाझ यांनीं केलें तसें तें मान्य करावें.

संत जोसेफ वाझ यांच्या विनवणीनें प्रभु आपणांस प्रेमळ अंतःकरण व जागृत बुद्धि देवो. आमेन.