पादुआचे संत अंतोनी : ऋणकोंचे कैवारी

संत अंतोनी यांचे नाव आपल्या भाविकांच्या मुखी नित्य असते. घरात किल्ली सापडेनाशी झाली वा गाठीचे पैसे हरवले, की त्यांचा धावा करावयाचा, ही आपल्या मायबहिणींची जुनी वहिवाट आहे. ही भक्ती स्तुत्यच होय. तथापि या महात्म्याच्या हातून घडलेले एक थोर कार्य फारसे कोणाच्या कानी गेलेले नाही. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ते वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म सुमारे 1195 साली पोर्तुगालमधील लिस्बन शहरी एका सधन कुळात झाला. बाप्तिस्म्याचे नाव फेर्नांदो. तारुण्यात त्यांनी संत आगुस्तीन यांच्या नियमाने चालणाऱ्या मठात प्रवेश केला व कोइंब्रा येथे पवित्र शास्त्राचे सखोल अध्ययन केले. 1220 साली मोरोक्को देशात पाच फ्रान्सिस्कन बंधूंनी ख्रिस्तासाठी प्राण वेचले आणि त्यांचे अवशेष कोइंब्रास आणले गेले. त्या दर्शनाने फेर्नांदो यांचे मन पालटले. मठाची शांत छाया सोडून त्यांनी संत फ्रान्सिस यांच्या अकिंचन संघाची जाडीभरडी वस्त्रे धारण केली, अंतोनी हे नाव घेतले आणि रक्तसाक्ष देण्याच्या उत्कंठेने मोरोक्कोची वाट धरली. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी सुमारे साडेतीन शतकांनंतर याच संघात प्रवेश केला.

परंतु देवाची योजना निराळी होती. मोरोक्कोत पोहोचताच अंतोनी दुखण्याने अंथरुणास खिळले. परतीच्या प्रवासात वादळाने त्यांचे गलबत सिसिली बेटाकडे लोटले. 1221 साली पेंटेकॉस्टच्या सणास असिसी येथे संघाचा मोठा मेळावा भरला, त्यास ते हजर राहिले. पण त्या परक्या, अशक्त तरुणास कोणी ओळखेना. अखेर मोंतेपाओलो येथील एकांत आश्रमात त्यांची रवानगी झाली. तेथे मिस्सा अर्पण करावी, प्रार्थना करावी आणि बंधूंची हलकीसलकी कामे करावीत, असा त्यांचा क्रम असे.

पुढे 1222 साली फोर्ली नगरी गुरुदीक्षेचा समारंभ होता. प्रवचनाची तयारी कोणीच केली नव्हती, म्हणून वरिष्ठांनी अंतोनींस आज्ञा केली. ते उभे राहिले मात्र, आणि ज्यांस सर्वजण अल्पशिक्षित समजत होते, त्यांच्या मुखातून शास्त्रज्ञानाचा अखंड ओघ वाहू लागला. तेव्हापासून उत्तर इटलीत व दक्षिण फ्रान्सात गावोगाव हिंडून त्यांनी सुवार्ता सांगितली, पाखंडी मतांचे खंडन केले आणि संत फ्रान्सिस यांच्या अनुमतीने बंधूंस ईशज्ञान शिकविले.

1231 सालच्या उपवासकाळात त्यांनी पादुआ येथे दररोज प्रवचन दिले. देवळे अपुरी पडू लागली, तेव्हा लोक उघड्या मैदानात जमू लागले. हाडवैरी एकमेकांस भेटले; अन्यायाने घेतलेले व्याज कित्येकांनी परत केले. त्या काळी सावकारीने पादुआत कहर केला होता. कर्ज फेडता न आल्यास ऋणकोस तुरुंगात डांबीत. घरची बायकामुले उघडी पडत. अंतोनींनी प्रवचनांतून या पापाचा निषेध केलाच, शिवाय नगराच्या अधिकाऱ्यांकडे रदबदलीही केली. मार्च 1231 मध्ये नगराने कायदा केला, की जो ऋणको आपली मालमत्ता धनकोच्या स्वाधीन करील, त्यास कर्जापायी कैदेत ठेवू नये. हे बंधू अंतोनी यांच्या विनंतीवरून झाले, अशी नोंद त्या कायद्यातच आहे.

त्याच साली वेरोना येथे जाऊन, एत्सेलिनो नामक क्रूर सत्ताधीशाच्या बंदीतील एका सरदाराच्या सुटकेसाठी त्यांनी याचना केली. ती व्यर्थ गेली. संतांसही कधी रिकाम्या हाती परतावे लागते. म्हणून त्यांनी जाणे टाळले नाही.

श्रमांनी देह झिजला होता. 13 जून 1231 रोजी, पादुआस नेत असता, वेशीबाहेर आर्चेला येथे त्यांनी प्राण सोडला. वय अवघे छत्तीसच्या सुमाराचे. वर्ष भरण्यापूर्वीच, 30 मे 1232 रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांस संतपद दिले. 1946 साली पोप बारावे पायस यांनी त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिली म्हणजे रोषणाई व मेजवानी, इतकेच आपण समजून बसलो आहो. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात ज्युबिलीचे वर्ष म्हणजे पन्नासावे वर्ष. त्या वर्षी दास मोकळे होत आणि गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई. आपल्यापैकी ज्याने अडल्या शेजाऱ्याची वाडी गहाण ठेवून घेतली असेल, ज्याच्या वहीत गरिबाचे नाव वर्षानुवर्षे चढत्या आकड्यासह पडून असेल, त्याने या वर्षी ती वही संत अंतोनी यांच्या मूर्तीपुढे नेऊन उघडावी, आणि तेथे जे सुचेल ते करावे. हरवलेली किल्ली त्यांच्याकडे खुशाल मागावी. पण कोणाचे काही आपल्याकडे राहिले असेल, तर ते आधी परत करावे.

संत अंतोनी आपणां सर्वांसाठी विनंती करोत.