40 पेटंट नावावर, तरी पैशांसाठी वणवण: 'भारताचे एडिसन' शंकर आबाजी भिसे

पेटंट मिळालं की पैसा सुरू, असं अनेकांना वाटतं. शंकर आबाजी भिसे यांच्या नावावर सुमारे 40 पेटंट होती आणि शोध जवळपास 200. तरी त्यांची उमेदीची वर्षं भांडवल शोधण्यातच गेली.

भिसेंचा जन्म 29 एप्रिल 1867 चा, मुंबईतला. साखर, पीठ असा किराणा माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राचा आराखडा त्यांनी एका ब्रिटिश मासिकाच्या स्पर्धेला पाठवला आणि ती जिंकली. मग गडी थेट लंडनला. तिथे दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

भिसेंचा सगळ्यात मोठा डाव होता 'भिसोटाइप'. तेव्हा छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवून पान तयार व्हायचं. हे खिळे ओतणारं भिसेंचं यंत्र मिनिटाला 1,200 खिळे पाडेल, असा दावा होता. लंडनच्या कॅसलॉन या नामांकित टाइप फाउंड्रीतल्या इंजिनिअरला ते अशक्य वाटलं. त्याने आव्हान दिलं. 1908 मध्ये भिसेंनी चालतं यंत्र दाखवलं!

पण खरी अडचण पुढेच होती. पेटंट म्हणजे इतरांना नक्कल करण्यापासून रोखण्याचा हक्क, बस्स. कारखाना, विक्री, कोर्टकचेरी हे सगळं आपल्या खिशातून. प्रत्येक देशात वेगळं पेटंट, वेगळी फी. ब्रिटनमध्ये तेव्हा मुदत 14 वर्षं होती, आणि गुंतवणूकदार सापडेपर्यंत ती काही थांबत नाही. समोर लायनोटाइप, मोनोटाइप. त्यांच्याकडे पेटंटही होती आणि कारखानेही.

समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी पैसे उभे करण्याचा शब्द दिला, पण जमलं नाही. डिसेंबर 1908 मध्ये भिसे हताश होऊन परत निघाले. नशीब बघा, त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांनी जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याशी गाठ घालून दिली. 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला पोहोचले. मात्र यंत्राचा बाजार जमला नाही. महायुद्ध पेटलं, टाटांची मदतही थांबली.

भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पण अमेरिकेत त्यांचं बस्तान बसवलं ते आयोडीनपासून बनवलेल्या 'ॲटोमिडीन' या औषधाने. 7 एप्रिल 1935 ला न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.