मंगळवेढ्याचे कुसू आणि संत चोखोबा

सोलापूर - पंढरपूरच्या श्री विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या समोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात आणि पुढे जातात. मात्र ज्या गावात चोखोबांचा अंत झाला, ते मंगळवेढा पंढरपूरपासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर असूनही दर्शनाच्या गर्दीतील फार थोड्यांच्या वाटेवर येते. चोखोबांचे चरित्र समजून घ्यायचे तर आधी हे गाव समजून घ्यावे लागते.

सोलापूरहून पश्चिमेकडे सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर हे तालुक्याचे गाव आहे. उत्तरेला भीमा वाहते, माण नदी याच परिसरात येऊन तिला मिळते. गावाभोवती खोल काळ्या मातीचे सपाट रान पसरले आहे. पाऊस कमी आणि तोही बहुतांशी भाद्रपद-आश्विनात पडणारा. परंतु ही माती एकदा भिजली की ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर, पुढे पाण्याचा थेंब न मिळताही, रब्बीची ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाऊस हुकला की मात्र हेच रान ओसाड पडते. तालुक्याच्या दक्षिण भागातील गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे संघर्ष केला आहे. पंधराव्या शतकात दामाजीपंतांनी बादशाही धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा याच भूमीत का जन्मली, याचे उत्तर या पाऊसमानात सापडते.

गावाचा इतिहास दामाजीपंतांच्याही पुष्कळ मागे जातो. कलचुरी घराण्याची ही राजधानी होती. बाराव्या शतकाच्या मध्यास बिज्जल राजाने चालुक्यांची सत्ता हिसकावून घेतली आणि राजधानी कल्याणीला नेली. महात्मा बसवेश्वरांच्या कारकिर्दीचा आरंभही बिज्जलाच्या पदरी मंगळवेढ्यातच झाल्याचे मानले जाते. राजधानी गेली, पण व्यापारपेठ आणि ठाणे म्हणून गावाचे महत्त्व टिकले. ठाणे म्हटले की तटबंदी आली आणि तटबंदी म्हटले की ती बांधणारे, डागडुजी करणारे हातही आले.

हे हात कोणाचे, हा प्रश्न चोखोबांच्या चरित्राच्या मुळाशी आहे. त्यांचा जन्म तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. एक परंपरा बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानते, तर दुसरी मंगळवेढ्याकडे बोट दाखवते. जन्माने ते महार होते. गावकीची कामे करायची, मेलेली ढोरे ओढायची आणि गावकुसाबाहेर राहायचे, हा त्या काळचा दंडक. संसार मंगळवेढ्यात आणि ओढ पंढरीची. संत नामदेवांना त्यांनी गुरू मानले. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई यांच्या संतमेळ्यात त्यांना स्थान मिळाले. देवळात मात्र मिळाले नाही. महाद्वाराशी उभे राहून कळसाचे दर्शन घ्यावे, एवढीच त्यांना मुभा होती. विठ्ठलाला बाटवल्याच्या आरोपावरून त्यांना मार खावा लागल्याचे, चंद्रभागेच्या पैलतीरी जाऊन राहावे लागल्याचे आणि तेथे त्यांनी दीपमाळ उभारल्याचे परंपरा सांगते.

चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा हे सारेच अभंगकर्ते. एकाच अस्पृश्य कुटुंबातील पाच जणांची रचना सातशे वर्षे लोकांच्या मुखी राहावी, ही जगाच्या वाङ्मयातही दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. चोखोबांच्या रचनेत देवापुढचे कमालीचे दैन्य आहे. गेल्या जन्मीच्या कर्माचे हे फळ, असे ते कधी मान्य करतात, तर कधी विटाळ कोणाला नाही, असा रोखठोक सवालही करतात. त्यांच्या दैन्याचा सूर पुढे अनेक दलित विचारवंतांना खटकला आणि ते स्वाभाविकही होते. सोयराबाई विटाळाचा प्रश्न अधिक थेट मांडतात. कर्ममेळा तर देवाशीच भांडतो. त्याच्या अभंगांतील कडवटपणा वडिलांच्या अभंगांत क्वचितच आढळतो. तरीही बोलण्याची वाट पहिल्यांदा चोखोबांनीच काढली होती, हे विसरता येणार नाही.

शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. देवगिरीच्या यादवांची सत्ता संपून दोन दशके झाली होती, मुलूख दिल्लीच्या तुघलकांकडे होता आणि बहमनी राज्य स्थापन व्हायला अद्याप नऊ वर्षे अवकाश होता. अशा अस्थिर काळात मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले. वेठीला धरलेल्या महारांमध्ये चोखोबाही होते. वैशाख वद्य पंचमीला काम सुरू असतानाच कुसू कोसळले आणि अनेक मजूर त्याखाली गाडले गेले. ज्या भिंतीने त्यांना आयुष्यभर बाहेर ठेवले, तीच उभारताना चोखोबांचा मृत्यू झाला. वृत्त कळल्यावर नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, असे त्यांनी ओळखल्याची कथा आहे. त्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी देण्यात आली. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एका शिंप्याने एका महाराच्या अस्थींसाठी ढिगारा उपसावा, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

पुढे मंगळवेढ्यावर अनेक सत्ता आल्या. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या विजापूर स्वारीत शिवाजी महाराजांच्या फौजेने येथील किल्ला घेतला. नंतर हे गाव पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पंढरपुरातील रीत मात्र फारशी बदलली नव्हती. अस्पृश्यांनी चोखोबांच्या समाधीपर्यंत यावे आणि तेथूनच परतावे, हा नियम शतकानुशतके चालू राहिला. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले. दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अस्पृश्यतेच्या उगमावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.